मशीनच्या पोटातली बत्ती

प्रिय खाला,

उद्या सकाळच्या फेरीबोटीने तुझे मियाँ, आपले खालू, खाडीपलीकडे आगरदांड्याला जाणार आहेत. माझा पैगाम घेऊन! नाजनीनच्या अब्बांसमोर बसून तिला माझ्यासाठी मागणार आहेत. तुझा विश्वास बसतोय? माझा अजून नाही. ते तिथे पोहोचायच्या आत तुला सगळं सांगून टाकायचं, म्हणून आज लिहायला बसलोय.

हे काम तुझं होतं, खाला. आपल्यात पहिला शब्द टाकायला घरातली मोठी बाई जाते, पुरुष मागाहून. अम्मी जाणार नाही हे तुला माहीत होतं. मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं तेव्हापासून तिचं एकच वाक्य, "कुठल्या तोंडाने जाऊ मी कुणाच्या दारात?" म्हणून तुझ्या मागे लागलो होतो. आणि तू काय म्हणालीस? सरबताचा ग्लास पुसत, माझ्याकडे न बघता, "जुनू, एक तरी गोष्ट शेवटापर्यंत करून दाखव. कुठलीही. मग बघ, नवीन बुरखा शिवून जाते की नाही."

आणि बुरखा शिवायच्या आधीच निघून गेलीस. ही कुठली पद्धत झाली?

नाजनीननेही तेच सांगून ठेवलं होतं. "घरी कुणी मोठं माणूस पाठव. तोवर मला मेसेज करू नकोस." तू गेलीस त्या दिवशी मी रडलो ते तुझ्यासाठीच, कसम. पण त्या रडण्यात थोडा वाटा तिचाही होता. तुझ्यापासून काय लपवायचं? तुला तर ते मय्यतीतून उठूनसुद्धा कळलं असतं.

तर, खालू तयार कसे झाले? त्यासाठी तुझ्या मशीनपासून सुरुवात करावी लागेल.

तुझं मशीन! समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुपारीच्या वाडीला लागून तुझं सरबताचं दुकान आणि दुकानाच्या कोपऱ्यात व्हिडिओ गेमची ती माणसाहून उंच निळी पेटी. बहरीनला खालू ज्या हॉटेलात होते ते बंद पडलं, आणि मालकाने सामान कामगारांना वाटून टाकलं. बाकीच्यांनी गालिचे उचलले, कपबश्या उचलल्या. खालूंनी हे उचललं. जहाजातून घरी आणलं! तू म्हणे आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हतीस. "लोक बाहेरून सोन्याच्या बांगड्या आणतात. ह्यांनी कपाट आणलं. त्यात कपडेपण राहत नाहीत!"

शेवटपर्यंत तू त्याला कपाटच म्हणायचीस. आणि त्याच कपाटासमोर दुपट्टा कमरेला खोचून उभी राहिलीस की हरिहरेश्वर करून आलेली पुण्या-मुंबईची पोरं सरबत विसरून बघत राहायची. पडद्यावर तो एवढासा पाणबुड्या, खाली शिंपले, मध्ये आठ हातांचे ते जांभळे राक्षस. तू एका हाताने दांडा फिरवायचीस आणि दुसऱ्या हाताने लिंबू पिळायचीस. मी पाच-सहा वर्षांचा असेन. मला वाटायचं की तू खरंच पाण्याखाली जाऊन येतेस. तुला जिंकताना बघणं म्हणजे काय होतं, ते तुला कधीच कळलं नसेल, कारण तू स्वतःला मागून कुठे बघितलंस?

आणि ती मागच्या जाळीतून झिरपणारी पिवळी बत्ती. मशीन बंद असलं तरी ती तेवत असायची. मी तुला एकदा विचारलं होतं, "खाला, हे आतून जिवंत आहे का?" तू म्हणालीस, "व्हय. आणि भूक लागली की लहान पोरं खातं. चल, घरी पळ."

तू गेलीस ते दिवस ऐन पावसाचे. लाकडाच्या फळीवर बोट फिरवलं तरी ओलं व्हायचं. घर माणसांनी भरलेलं, दुकान बंद. चाळीसावा होईपर्यंत टीव्ही नाही, रेडिओ नाही, तुझ्या मशीनचं तर कुणी नावही काढलं नाही. फातिहा झाली, पाहुणे गेले. मग एका सकाळी खालूंनी दुकानाची फळी काढली, लिंबं मांडली आणि सवयीने मशीनचं बटण दाबलं.

आवाज आला, खाला! तोच, पाणबुड्या पाण्यात उडी मारतो तो, डुब्! मग ते बुडबुडे, मग ती घंटी. सगळं जसंच्या तसं. पण काच काळी ठिक्कर. आत खेळ चाललाय, शिंपले उघडतायत, राक्षस फिरतायत, आणि आपल्याला काहीच दिसत नाही. खालू कितीतरी वेळ त्या काळ्या काचेसमोर उभे होते. त्यांचाच चेहरा दिसत होता त्यात.

"तिच्याबरोबर गेलं ते," म्हणाले. आणि तुझी फुलांची चादर आणून पेटीवर टाकली.

"खालू, आवाज येतोय म्हणजे मुख्य बोर्ड ठीक आहे. फक्त मॉनिटर गेलाय. मी बघतो."

"राहू दे."

"अहो, पण बघायला काय—"

"जुनैद. राहू दे म्हटलं ना."

मी चिडलो. मी कसा चिडतो ते तुला ठाऊक आहे. दार आपटून समुद्रावर गेलो, एका उंटवाल्याशी विनाकारण भांडलो, परत आलो. खालू आत झोपले होते. चादर काढली, पेटी भिंतीपासून ओढली आणि मागची फळी उघडली. शेवटापर्यंत करायची गोष्ट माझ्यासमोर अशी उभी होती आणि तू नव्हतीस. मग कुणासाठी करणार होतो, विचार. मलाही माहीत नव्हतं. तुझ्याशी भांडण चालू ठेवायचं होतं बहुतेक.

आत काय असतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं! वाटलं होतं, तारांचं जाळं असेल, धूळ असेल. धूळ होतीच. पण मधोमध ती पिक्चर ट्यूब. समोरून सपाट दिसते ना? मागून ती काचेची एक प्रचंड सुरई आहे, खाला. निमुळती होत होत बाटलीच्या मानेएवढी झालेली. आणि आत काय? काहीच नाही. हवासुद्धा काढून घेतलेली. त्या काहीच नसण्यातून मानेकडून एक किरण निघतो आणि पडद्यावर एकेक ओळ आखत सुटतो, इतक्या वेगाने की आपल्याला सगळं चित्र एकदम दिसतं. खरं म्हणजे एका वेळी फक्त एक ठिपका उजळलेला असतो. एक ठिपका! हे मला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. तेव्हा मी शेवटच्या बाकावर नाजनीनला मेसेज लिहीत होतो.

त्या सुरईच्या खाली एका पत्र्याच्या डब्यात साधा बल्ब होता. घरात वापरतो तसला, पिवळा. त्याची तार वेगळी, बटण वेगळं, बाहेरच्या बाजूला. बटण बंद होतं. दाबलं. पेटला.

एवढ्यात हाजरा चाची डबा घेऊन आली. शेजारची आहे ती, तिला सगळं दिसतं. "काय रे, खालाच्या कपाटाची चिरफाड करतोस?"

"चाची, ही बत्ती कुणी बंद केली असेल?"

"मीच की! मय्यत घरात, आणि ह्याच्या पोटात बत्ती जळतेय. बरं दिसतं का? लोक काय म्हणतील, ह्यांना खेळ सुचतोय? मी त्याच दिवशी बंद केली." आणि अभिमानाने वर म्हणाली, "कुणाला सुचलं न्हाय. मला सुचलं."

आतून खालूंचा आवाज आला. झोपले नव्हते तर! "कुठली बत्ती?"

ते बाहेर आले, वाकून त्या बल्बकडे बघितलं, आणि खाली स्टुलावर बसले. मला वाटलं, आता चाचीवर ओरडणार. पण हसले! तू गेल्यानंतर पहिल्यांदा. "हाजरा," म्हणाले, "ती बत्ती एवढी वर्षं कुणी बंद केली नव्हती गं. लाइट जायची तेव्हाच काय ती विझायची."

मग त्यांनी सांगितलं ते मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. मशीन आणल्यावर पहिल्या पावसाळ्यात पडदा सारखा लटपटायचा, आतून ओल धरायची. मुंबईहून माणूस बोलवायचा म्हणून खालू फोनाला गेले. तू म्हणालीस, "मला त्यातलं काही कळत नाही. पण कपाटात आपण बुरशी येऊ नये म्हणून बत्ती लावतो, कपडे कोरडे राहतात. हे कपाटच आहे ना?" आणि लावलीस. बस्स. समुद्राची खारी हवा सगळ्या गावाचे पत्रे खाऊन गेली, मोटारी खाल्ल्या, आमच्या दाराच्या बिजागऱ्या खाल्ल्या. तुझ्या कपाटाला तिने हात लावला नाही. एका बल्बच्या उबेवर!

चाचीचं तोंड एवढंसं झालं. "मग माझ्यामुळे मेलं का हे?"

"तिच्या अदबीसाठीच केलंस," खालू म्हणाले. "बस, चहा घे." आणि माझ्याकडे न बघता, "बघायचं असेल तर बघ."

मी बघितलं, पण माझ्या पद्धतीने. म्हणजे घाईने. फ्यूज शाबूत होता. विजेच्या पुरवठ्याचा दाब मीटरने मोजला, येत होता. ट्यूबला हात लावायच्या आधी तिच्यात साठलेला झटका काढून टाकायचा असतो. बंद मशीनचीसुद्धा ट्यूब माणसाला फेकून देऊ शकते. म्हणून प्लग काढला, स्क्रू-ड्रायव्हरला तार बांधली, तार लोखंडी चौकटीला जोडली, झटका बसलाच तर छातीतून जाऊ नये म्हणून एक हात पाठीमागे ठेवला आणि ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली टोक सरकवलं. मोठा 'चट्ट' होईल म्हणून दात आवळून बसलो होतो. काहीच झालं नाही. मला त्या शांततेचीच भीती वाटली. म्हणजे ट्यूबपर्यंत मोठा दाब पोहोचतच नव्हता.

एक हात पाठीमागे ठेवायचं कुणी शिकवलं होतं, माहीत आहे? ज्यांच्याशी भांडून मी लॅबमधून निघालो ते परत गेलोच नाही, त्याच सरांनी. आठवलं आणि हसू आलं. हसता हसता जिवंत राहिलो म्हण.

मोठा दाब तयार करणाऱ्या भागाला मेकॅनिक ईएचटी म्हणतात. मी ठरवून टाकलं की तोच जळलाय. मुरुडला एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे जुना मिळाला. पिशवीत घालून परतीच्या बोटीसाठी आगरदांड्याच्या जेट्टीवर आलो, तर समोर नाजनीन! मी मेसेज केला नव्हता, खाला. समोर आली तर डोळे मिटून घेऊ का?

"पिशवीत काय?" तिने विचारलं.

"ईएचटी. खालाच्या मशीनचा गेलाय."

"गेलाय कशावरून?"

"गेलाच असणार."

"असणार म्हणजे? नीट बघितलास का?"

मी पिशवी पाठीमागे घेतली.

"वा! न बघताच नवीन घेऊन आलास. मागच्या वर्षी माझ्याशी भांडलास तेव्हा काय केलंस? सिमकार्ड बदललंस. मी इकडून फोनावर फोन करतेय आणि ती बाई सांगतेय, हा नंबर अस्तित्वात नाही! माझी काय चूक होती ते तरी मला कळू द्यायचं." ओढणी सावरली. "खालूंना सलाम सांग," म्हणाली आणि गेली. मागे वळून बघितलंही नाही. एकदाच बघितलं.

बोटीत मी त्या पिशवीवर रागावलो, मग तिच्यावर, मग माझ्यावर. आपल्या बाजूचा दिघीचा धक्का येईपर्यंत रागवायला कुणी उरलं नाही.

घरी येऊन पहिल्यांदा शांतपणे बघितलं. रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना. सगळे भाग बसवलेली चेसिस बाहेर काढली, मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून एकेक सांधा तपासला. एवढे सांधे! चांदीच्या थेंबांसारखे, रांगेने, कुणीतरी कुठल्या तरी देशात हाताने लावलेले. खालू आधी लांबूनच लिंबं कापत बसायचे. मग स्टूल पुढे सरकलं. मग त्यांनी बॅटरी धरली. "डावीकडे घेऊ?" विचारायचे. बोलणं एवढंच.

आणि सापडलं, खाला! जो ईएचटी मी मेला म्हणत होतो, त्याच्याच एका पायाभोवती केसाएवढी काळी रेघ. गोल. कडेला हिरवट मीठ. मेकॅनिक ह्याला ड्राय सोल्डर म्हणतात. धातू दिसतो जोडलेला, पण आतून सुटलेला असतो. वर्षानुवर्षं उबेत राहिलेला सांधा चाळीसाव्यापर्यंत थंडीत आखडला, तडकला, आणि तड्यात खार शिरला. बस, एवढंच! एवढ्याशा रेघेने तो सगळा समुद्र अडवून धरला होता.

खात्री करायला चेसिस परत बसवली, चालू केली आणि तुझ्या कोरड्या लाकडी पळीने तो पाय हलकेच दाबला. ट्यूबच्या मानेत किरण सोडणारा हीटर असतो, त्यालाही वीज ह्याच ईएचटीतून येते; पण भर दुपारी तो पेटतो का ते दिसेना. म्हणून मी गोधडी डोक्यावरून घेतली आणि पेटीच्या मागे अंधार करून बसलो. एक हात पाठीमागे. दुसऱ्या हातात पळी. दाबली.

त्या काचेच्या मानेत एक नारिंगी ठिणगी उमटली. विझली. पुन्हा दाबली, पुन्हा उमटली. कसं सांगू तुला? पोटातल्या बाळाचं काळीज पडद्यावर दाखवतात ना, तसं. इतकं लहान, इतकं नीट. गोधडीत घामाने भिजलो होतो आणि मला तिथून हलायचं नव्हतं.

मग बंद केलं, झटका काढला. ह्या वेळी 'चट्ट' झाला, आणि मी आनंदाने ओरडलो! खार खरवडून काढला, जुनं सोल्डर उतरवलं, नवीन भरलं. घाई केली नाही. सांधा गार होईपर्यंत फुंकरसुद्धा मारली नाही. मुरुडहून आणलेला तो ईएचटी अजून पिशवीतच पडलाय.

"खालू, समोर उभे राहा. मी चालू करतो."

"तूच बघ."

"मी मागे आहे. मला दिसणार नाही. तुम्हीच बघायला हवं."

ते आले. मी बटण दाबलं. नारिंगी दिवा लागला आणि लागूनच राहिला. कुठेतरी बारीक शीळ वाजली. पाणबुड्याने उडी मारली, डुब्! मी विचारलं, "आलं का?" पुन्हा विचारलं, "खालू? आलं का?"

मी गोधडी फेकून पुढे धावलो. काचेत आधी नुसता हिरवा धुरळा होता, मग त्यातून निळं वर आलं, मग लाल, मग सगळं जागच्या जागी बसलं. तोच समुद्र, खाला. पाणबुड्या खाली उतरत होता. खालूंनी हात काचेजवळ नेला होता, लावला नव्हता, आणि त्यांच्या हातावरचे पांढरे केस एकेक करून उभे राहिले होते. काचेवरच्या विजेने होतं ते, मला कारण माहीत आहे. माहीत असूनही मी बघतच राहिलो.

हात खाली घेत ते म्हणाले, "तुझ्या खालाला मागायला मी एकटाच गेलो होतो."

"काय?"

"माझी अम्मी आजारी होती, बहीण नव्हती. लोक म्हणाले, असं कुणी जातं का? गेलो. तिच्या बापाने विचारलं, घरात बाई नाही का पाठवायला? मी म्हटलं, नाही. म्हणून तर आलोय." ते पडद्याकडेच बघत होते. "उद्या पहिल्या बोटीने जातो. तुझं सगळं तिने मला सांगितलं होतं. नाजनीनचं घर जेट्टीपासून कितव्या गल्लीत?"

हे तू मला कधी का सांगितलं नाहीस? सांगितलं असतंस तर मी तुझ्या मागे लागलोच नसतो, खालूंच्या लागलो असतो! की म्हणूनच नाही सांगितलंस?

"खालू, तिथे काय सांगणार?" मी विचारलं.

"खरं ते. पोरगा तापट आहे. कॉलेज सोडलंय. माझ्या दुकानात बसतो."

"एवढं खरं?"

"आणि एक बिघडलेली वस्तू समोर घेऊन बसला, ती चालू होईपर्यंत उठला नाही. हेपण सांगेन. पुढचं त्यांनी ठरवावं." मग म्हणाले, "तिने ह्यातलं काही लपवलं असतं असं वाटतं तुला?"

नसतं लपवलंस. वर दोन गोष्टी वाढवून सांगितल्या असत्यास.

आता आत खालू कुर्त्याला इस्त्री करतायत आणि कॉलर जमत नाही म्हणून पुटपुटतायत. मला आत जावंसं वाटतंय आणि वाटतही नाही. खाला, मला भीती वाटतेय. ट्यूबच्या झटक्यापेक्षा जास्त. तिचे अब्बा 'नाही' म्हणू शकतात. त्यांच्या जागी मी असतो तर मीच म्हणालो असतो. कॉलेजचं मात्र अजून विचारू नकोस. त्यावर विचार चालू आहे, एवढंच.

पण एक वचन देतो. उद्या दुपारी मी दिघीच्या धक्क्यावर उभा असेन. खालू बोटीतून उतरतील. त्यांच्या चेहऱ्यावरून काही ओळखायला जाणार नाही. त्यांना हाताला धरून सावलीत बसवेन, पाणी देईन, आणि जे काही उत्तर आणलं असेल ते त्यांच्या तोंडून पूर्ण ऐकून घेईन. मध्ये एक शब्द बोलणार नाही. उठून जाणार नाही.

तुझाच,
जुनू